सेरेब्रल पाल्सी आणि कंपन प्लेट : किती हर्ट्झ, किती मिनिटं, पाय कुठे?

पायरी_पायरीने (प्रश्न)

मुलगा १५ वर्षांचा, वजन ४१ किलो. स्पास्टिक डायप्लेजिया (मुख्यतः दोन्ही पायांत ताठरपणा), जीएमएफसीएस (हालचालीच्या क्षमतेची १ ते ५ श्रेणी, ५ सर्वांत गंभीर) पातळी ३. घरात भिंतीला धरून चालतो, बाहेर वॉकर. गुडघा सरळ ठेवला की उजवा घोटा जेमतेम ९० अंशांवर येतो, डावा ५ अंश कमी पडतो. खुब्यांचा एक्स-रे सहा महिन्यांपूर्वीचा आहे : मांडीच्या हाडाचं डोकं खुब्याच्या खोबणीतून उजवीकडे १८ टक्के आणि डावीकडे २६ टक्के बाहेर. झटके औषधांवर आहेत, दोन वर्षांत एकही आलेला नाही. बॅक्लोफेन पंप (ताठरपणाचं औषध सोडणारा, शरीरात बसवलेला) किंवा शंट (मेंदूतलं पाणी काढणारी नळी) नाही, शस्त्रक्रिया झालेली नाही.

मध्ये आस आणि दोन्ही बाजू आळीपाळीने वरखाली होणारी (सी-सॉसारखी) कंपन प्लेट उपलब्ध आहे. तिच्यावर १ ते ९९ 'लेव्हल' दिसतात, हर्ट्झ (सेकंदाला किती कंपनं) कुठेच लिहिलेले नाहीत. फिजिओथेरपिस्ट आणि अस्थिरोगतज्ज्ञ दोघांनी होकार दिला आहे, पण नेमकी मात्रा ठरायची आहे.

१) किती हर्ट्झ, किती वेळ, आठवड्यातून किती दिवस?
२) एएफओ (घोटा-पावलाला आधार देणारा साचा) घालून की अनवाणी?
३) ताठरपणा कमी होतो तो टिकतो का?
४) फरक पडतोय की नाही हे किती दिवसांनी आणि कशावरून ओळखायचं?

---

गोनिओमीटर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हर्ट्झपासून सुरू होत नाही, गुडघ्यापासून होतं.

कंपन प्लेटमधून तळव्यात, तिथून घोटा, गुडघा, खुबा असं वर चढतं. गुडघा थोडा वाकलेला असेल तर मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ते वाटेतच पचवतात, आणि तेच त्यांचं काम ठरतं. गुडघे लॉक झाले की पाय म्हणजे काठी. कंपन थेट मणक्यात आणि डोक्यात जातं. म्हणून गुडघे साधारण २० ते ३० अंश वाकलेले, वजन तळव्याच्या पुढच्या भागाकडे किंचित झुकलेलं, पण टाच टेकलेली. डायप्लेजियात बरीच मुलं आधीच गुडघे वाकवून (क्राउच) उभी राहतात. त्यांना 'गुडघे वाकव' सांगायची गरज नसते, उलट ६० अंशांपर्यंत गेलेले गुडघे ३० वर आणावे लागतात. फार वाकलेल्या गुडघ्यावर तीन मिनिटं काढली तर वाटीमागे दुखायला लागतं.

तपासायची सोपी खूण : चालू प्लेटवर मुलाच्या डोक्यावर हलका तळहात ठेवा. हाताला थरथर लागली, बोलताना आवाज कापला, दात वाजले किंवा समोरची अक्षरं पुसट झाली, तर कंपन डोक्यापर्यंत जातंय. गुडघे आणखी थोडे वाकवा, पाय आसाजवळ घ्या. तरीही थांबत नसेल तर मात्रा जास्त आहे.

आता मात्रा. अभ्यासांत जास्त वापरलेला आराखडा एका दिवसात ९ मिनिटांचा आहे : ३ मिनिटं कंपन, ३ मिनिटं बसून विश्रांती, असं तीनदा. ऑकलंडच्या २०१६ च्या अभ्यासात ११ ते २० वर्षांच्या, पातळी २ आणि ३ च्या ४० जणांना याच प्रकारच्या प्लेटवर २० हर्ट्झने रोज ९ मिनिटं, आठवड्यातून ४ दिवस, २० आठवडे उभं केलं होतं. सहा मिनिटांत चाललेलं अंतर वाढलं, पायांतला स्नायू आणि हाडाची घनताही वाढली. पण तिथे तुलनेसाठी कंपनाविना राहिलेला गट नव्हता, हे विसरू नका. वाढत्या वयात काही वाढ आपोआपही होते.

सुरुवात २० वर करू नका. असं चढवा :

आठवडा १ : १२ हर्ट्झ, १ मिनिट × ३, तीन दिवस.
आठवडा २ : १२ हर्ट्झ, दीड मिनिट × ३, तीन-चार दिवस.
आठवडा ३ : १२ हर्ट्झ, २ मिनिटं × ३, चार दिवस.
आठवडा ४ : १४ हर्ट्झ, २ मिनिटं × ३, चार दिवस.
आठवडा ५ : १४ हर्ट्झ, ३ मिनिटं × ३.
आठवडा ६ : १६ हर्ट्झ, ३ मिनिटं × ३.
त्यापुढे १८, मग २०. पाय आसाजवळच.

एका आठवड्यात वेळ आणि हर्ट्झ दोन्ही वाढवू नका. काही बिनसलं तर दोष कशाचा हे कळत नाही.

१० हर्ट्झच्या खाली जास्त करून तोल सावरण्याचा सराव होतो, अख्खं शरीर डोलतं. १२ च्या वर स्नायू झटपट ताणला जाऊन प्रतिक्षेपाने आकुंचन पावायला लागतो. २० च्या पुढे स्नायूला दोन आकुंचनांच्या मध्ये सैल व्हायला वेळ मिळेनासा होतो आणि ताठर पोटरीत त्याचा उलटा परिणाम दिसू शकतो. सत्र संपल्यावर टाच पहिल्यापेक्षा जास्त उचलली जात असेल तर २ हर्ट्झ खाली या.

पहिल्या दोन-तीन सत्रांत पायांना खाज आणि लाली येते. रक्तप्रवाह वाढल्याने ती येते आणि थोड्या वेळात जाते. सत्राआधी लघवीला जाऊन येणं हा नियमच करा, पोटावर कंपन आलं की कळ येतेच. जेवणानंतर तासभर थांबा.

थांबायचं कधी : खुब्यात किंवा जांघेत दुखणं, डोकेदुखी, मळमळ, लघवीतून रक्त, झटका. डावा खुबा २६ टक्क्यांवर आहे, म्हणजे आजघडीला चालेल, पण पुढचा एक्स-रे चुकवू नका. ३० टक्क्यांच्या वर गेला तर अस्थिरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. झटके आटोक्यात असले तरी सुरुवातीच्या सत्रांना मुलाला धरता येईल इतक्या जवळ माणूस हवा, आणि मेंदूविकारतज्ज्ञांच्या कानावर घाला. तुम्ही होकार घेतलेल्या दोघांत ते नाहीत.

---

हर्ट्झमास्तर

वरचं सगळं बरोबर, पण १ ते ९९ लेव्हलच्या प्लेटवर १२ हर्ट्झ कुठे आहे हे आधी शोधावं लागेल. लेव्हल म्हणजे हर्ट्झ नव्हे. अशा बऱ्याच प्लेट जोर लावून १२–१५ च्या पुढे जातच नाहीत.

मोजायचं असं. फोनवर स्लो-मोशन २४० फ्रेमवर ठेवा. प्लेटच्या कडेला पेनाने एक ठिपका करा, त्याच्यामागे प्लेटला न लागता मिलिमीटरची पट्टी उभी करा. फोन वेगळ्या स्टँडवर. प्लेट ज्या फळीवर आहे त्याच फळीवर नको, नाहीतर दोघं मिळून हलतील आणि आकडा खोटा येईल. चित्रफीत एकेक फ्रेम पुढे नेत ठिपका वरून खाली येऊन पुन्हा वर पोहोचेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४० भागिले फ्रेम म्हणजे हर्ट्झ. २० फ्रेम आल्या तर १२ हर्ट्झ, १५ आल्या तर १६, १२ आल्या तर २०. एका फेरीवर विसंबू नका, दहा फेऱ्यांच्या फ्रेम मोजून दहाने भागा.

फोन प्लेटला चिकटवून ॲपने मोजायचा मोह होईल. जुना, टाकाऊ फोन असेल तर करा. चांगल्या फोनमधल्या कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा अशा कंपनाने बिघडू शकते.

मोजणी दोनदा करा : रिकामी प्लेट आणि ४० किलो भार ठेवून. भार म्हणजे वाळूची पोती नव्हे, गुडघे वाकवून उभा माणूस. स्वस्त मोटर भाराखाली मंदावते, आणि मुलाला मिळतो तो आकडा भाराखालचाच.

दुसरी गोष्ट आयाम, म्हणजे मधल्या स्थितीपासून एका टोकापर्यंतची हालचाल. पट्टीवर ठिपका वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ४ मिमी हलला तर आयाम २ मिमी. माहितीपत्रकात बहुधा मोठा आकडा, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतचा, आयाम म्हणून छापलेला असतो. इथेच दुपटीचा घोळ होतो. कमाल त्वरण = आयाम × (२π × हर्ट्झ) चा वर्ग. १ मिमी आयामाला ('जी' म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण) :

१२ हर्ट्झ : ०.६ जी
१६ हर्ट्झ : १ जी
२० हर्ट्झ : १.६ जी
२५ हर्ट्झ : २.५ जी

हर्ट्झ दुप्पट केले की त्वरण चौपट, आयाम दुप्पट केला तर फक्त दुप्पट. १ जी ओलांडलं की सैल टेकलेलं पाऊल क्षणभर सुटतं आणि परत आपटतं. म्हणून ठाम, दाबून उभं राहणं महत्त्वाचं.

आणि सी-सॉ प्लेटवर आयाम यंत्र ठरवत नाही, पावलाची जागा ठरवते. आसापासून दुप्पट लांब, आयाम दुप्पट. घरगुती प्लेटवर कडेला टोकापासून टोकापर्यंत १० मिमी मिळणं नवल नाही. म्हणजे १२ हर्ट्झलाही जवळजवळ ३ जी. सौम्य लेव्हल आहे म्हणून मुलाला कडेला पाय ठेवून उभं केलं की सौम्यपणा संपला. मधल्या आसापासून दोन्ही पावलांच्या मधल्या बोटाचं अंतर टेपने मोजून रंगीत चिकटपट्टीने बाह्यरेषा आखा. डावं पाऊल ८ सेंमीवर आणि उजवं १२ वर गेलं तर एका पायाला दीडपट मात्रा जाते, आणि कमी ताकदीचा पायच बहुधा आत ओढलेला असतो.

---

टाच_टेकवा

गोनिओमीटर यांनी एएफओचा प्रश्न सोडून दिला, तो घेते.

माझं मत : शक्यतो एएफओ काढून. कडक एएफओने घोटा जखडलेला असतो, पोटरीला ताण-आकुंचनाची फेरी मिळतच नाही, सगळं काम गुडघ्याच्या वर सरकतं. जाड गादीचे बूटही नकोत, गादी कंपन खाते. पातळ तळाचे न घसरणारे मोजे पुरे.

पण डाव्या घोट्याला ५ अंश कमी पडतायत. टाच टेकवायच्या नादात मुलगा पाऊल मधूनच मोडून, बाहेर फाकवून टाच खाली आणेल. दिसायला टाच टेकली, प्रत्यक्षात पावलाची कमान कोसळली. डाव्या टाचेखाली कडक रबराचं किंवा लाकडाचं पाचर द्या. पावलाची लांबी २२ सेंमी धरली तर ५ अंशांसाठी टाचेकडे साधारण २ सेंमी उंची लागते. स्पंजचं पाचर निरुपयोगी. पाचर प्लेटला दुहेरी चिकटपट्टीने पक्कं करा, सुटं पाचर तिसऱ्या मिनिटाला कुठे पोहोचतं ते पाहण्यासारखं असतं.

पाचर देऊनही पाऊल मधून मोडत असेल तर मात्र एएफओ घालूनच.

आणि रेलिंग! या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त फसवणूक तिथे होते. मूल हातांवर लोंबकळतं, पायांवर निम्मं वजनही नसतं, आणि वहीत '९ मिनिटं पूर्ण' अशी नोंद होते. कंपनाचा उपयोग भाराखालच्या स्नायूला. प्लेटच्या जागी तेवढ्याच उंचीवर दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवा, नेहमीसारखं रेलिंग धरून उभं करा आणि आकडे वाचा. ४१ किलोच्या मुलाचे दोन्ही मिळून ३५ च्या वर यायला हवेत. २५ येत असतील तर रेलिंग उंच आहे. ते कमरेच्या पातळीवर आणा आणि मुठीने पकडण्याऐवजी पालथे तळहात टेकवायला सांगा. दोन काट्यांतला फरक ५ किलोच्या आत ठेवा.

---

पायरी_पायरीने

तिघांचेही आभार. मोजलं. भाराखाली लेव्हल ५० ला ८ हर्ट्झ, ९९ ला ११.५. म्हणजे १२ सुद्धा नाही. वजनकाट्यांवर डावा १०, उजवा १७, बाकी सगळं हातांवर!

आता दोन शंका. या प्लेटवर पुढे जाण्यात काही अर्थ आहे का? आणि तो उभा राहून थकतो, तर खुर्चीत बसून फक्त पाय प्लेटवर ठेवले तर?

---

हर्ट्झमास्तर

८ ते ११.५ म्हणजे तोलाचा सराव देणारी प्लेट. त्यासाठी वापरा, आयाम कमी ठेवून, पण वरच्या अभ्यासांतल्या परिणामांची अपेक्षा तिच्याकडून करू नका. पाय कडेला नेऊन त्वरण वाढवता येईल, मात्र कमी हर्ट्झवर मोठा झोका म्हणजे कंबरेला आणि खुब्याला मोठी हालचाल. २६ टक्क्यांच्या खुब्यासाठी तो सौदा मी करणार नाही. २० हर्ट्झ भाराखाली देणारं यंत्र एखाद्या केंद्रात वापरायला मिळतं का ते पाहा.

---

गोनिओमीटर

खुर्चीत बसून पाय ठेवले तर प्लेटवर फक्त पोटरी-पावलाचं वजन, दोन्ही मिळून जेमतेम ५ किलो. त्याला उपचार म्हणणं कठीण आहे. प्लेटवरच बसवणं तर नकोच. वाटेत पचवायला पाय नाहीत, सगळं कंपन माकडहाडातून मणक्यात. बसलेल्या धडाची नैसर्गिक कंप्रता (ज्या हर्ट्झला ते सर्वांत जास्त हलतं) ४ ते ६ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे तुमच्या प्लेटची खालची लेव्हल नेमकी तिथेच.

थकण्यावर उपाय वेळ तोडणं. ३ मिनिटांच्या जागी ४५ सेकंदांचे चार तुकडे करा. किंवा मागे उंच स्टूल ठेवा, त्यावर ढुंगण नुसतं टेकेल इतकंच. काट्यावर किती वजन पायांत राहिलं ते पुन्हा बघा.

१० आणि १७ चा फरक कंपनाने आपोआप भरून निघणार नाही. आधी दोन आठवडे बंद प्लेटवर काट्यांचे आकडे पाहत डावीकडे वजन टाकायला शिकवा. आकडा समोर दिसला की मुलं चटकन पकडतात.

---

सावकाश

थोडा वेगळा प्रश्न, याच धाग्यात विचारतो. मुलगी ११ वर्षांची, पातळी ५, उभी राहू शकत नाही. मुख्य काळजी हाडांची, एकदा मांडीचं हाड कपडे बदलताना मोडलं आहे. तिला कंपन द्यावं का?

---

टाच_टेकवा

नाजूक हाड, आधी मोडलेलं : तिला वरची मात्रा नको. हाड भरून येऊन अस्थिरोगतज्ज्ञांनी भार द्यायला परवानगी दिल्याशिवाय तर काहीच नको. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि गरज असल्यास हाडांची औषधं हा पहिला मार्ग, कंपन त्याच्या मागून.

अशा मुलांसाठी वेगळ्या जातीची प्लेट असते : सरळ वरखाली हलणारी, ३० ते ९० हर्ट्झ, ०.३ जी, हालचाल डोळ्यांना दिसतही नाही. २००४ च्या एका चाचणीत २० अपंग मुलांना ९० हर्ट्झ, ०.३ जी वर सहा महिने, रोज १० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस असं सांगितलं होतं. नडगीच्या वरच्या टोकातल्या जाळीदार हाडाची घनता कंपन गटात ६.३ टक्के वाढली आणि नकली प्लेटवाल्यांत ११.९ टक्के घटली. आणि मुलं ठरल्याच्या ४४ टक्केच वेळ उभी राहिली होती! मात्र सी-सॉ प्लेटवरच्या २०१० च्या मॉन्ट्रिअलच्या चाचणीत, तीही २० मुलांचीच, चालण्याचा वेग वाढला आणि हाडाला फायदा दिसला नाही. मांडीच्या हाडाच्या खालच्या भागात तर घनता तुलनागटापेक्षा मागे राहिली. म्हणून हाडांसाठी कंपन हमखास असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

उभं करायचं ते टिल्ट टेबलवर (पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभी करता येणारी फळी). भार कोनावर ठरतो : ३० अंशांना वजनाच्या ५० टक्के, ४५ ला ७०, ६० ला ८७. पाठ फळीला घासते, पट्टे ओढून धरतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच पोहोचतं. पट्टे छाती, ओटीपोट आणि गुडघ्यांच्या किंचित वर. थेट वाटीवर नको. छातीचा पट्टा इतकाच की मुलगी पुढे पडणार नाही; त्यावर लटकली तर पाय रिकामे. पट्ट्याखालची लाली २० मिनिटांत गेली नाही तर तो दाब आहे, जागा बदला. कोन दर आठवड्याला ५ अंशांपेक्षा जास्त वाढवू नका, आणि चेहरा पांढरा पडला तर लगेच आडवं करा. पोटात नळी असेल तर आहार दिल्यावर तासभर थांबून, नळी चिमटा लावून बंद करून.

---

गोनिओमीटर

मूळ प्रश्नातले ३ आणि ४ राहिले.

ताठरपणा सत्रानंतर कमी होतो, पण काही मिनिटांपासून फार तर दोन-तीन तास. ती वेळ वाया घालवू नका. कंपन संपताच पोटरी आणि हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूंचा) ताण, प्रत्येकी ३० ते ६० सेकंद, मग लगेच चालण्याचा किंवा खुर्चीतून उठण्याचा सराव. आखडून आखूड झालेला स्नायू मात्र कंपनाने लांब होत नाही. डावे ५ अंश गुडघा वाकवल्यावरही कमीच पडत असतील तर कास्ट (प्लास्टर) किंवा शस्त्रक्रियेबद्दल वेगळं बोलणं करा. बोटॉक्स (ताठर स्नायू सैल करणारं इंजेक्शन) ठरलं असेल तर त्याच्या आधीची मोजणी जपून ठेवा, नाहीतर श्रेय कुणाचं हा वाद कायमचा.

मोजणी सुरू करण्यापूर्वी आठवड्याच्या अंतराने दोनदा, मग १२ आणि २० आठवड्यांनी. तेच बूट, तोच वॉकर, दिवसाची तीच वेळ, आणि सत्राच्या आधी. सत्रानंतर लगेच मोजलं तर तात्पुरता फरक पकडाल. मोजायचं एवढंच : १० मीटर चालण्याचा वेळ (आधी आणि नंतर २ मीटर जास्तीचे, ते मोजायचे नाहीत), खुर्चीतून पाचदा उठण्याचा वेळ, सहा मिनिटांचं अंतर, आणि घोट्याचा कोन गुडघा सरळ व वाकवून. सुरुवातीच्या दोन मोजण्यांतच जितका फरक येतो तेवढी तुमची चूक. १० मीटरला आधीच २ सेकंद इकडे तिकडे होत असतील तर पुढची २ सेकंदांची सुधारणा मोजू नका. २० आठवड्यांनी काहीच हललं नाही, सत्रं तीन-चतुर्थांशांहून जास्त झाली आणि काट्यावर भारही नीट होता, तर थांबवा आणि तो वेळ थेट ताकदीच्या व्यायामाला द्या. डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) सहा महिन्यांच्या आत करून काही कळत नाही.

---

पायरी_पायरीने

ठीक. आधी दोन आठवडे बंद प्लेट आणि वजनकाटे, डाव्या टाचेखाली २ सेंमी पाचर, रेलिंग ९ सेंमी खाली घेतलंय. आजचे आकडे : डावा १५, उजवा १९. गुडघा ३० अंश वाकवून डावा घोटा ४ अंश वर येतो, म्हणजे कमतरता जास्त करून वरच्या पोटरीची (गुडघा ओलांडून जाणाऱ्या स्नायूची) दिसते. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, त्यांचं उत्तर आलं की २० हर्ट्झच्या यंत्राचं बघतो.